रोडगे पुसायचा मान

रोडग्यांचं नाव काढलं की आमच्या वर्धेकडच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं तापतं. वय झालं तशा पुष्कळ गोष्टी निवल्या, पण ही निवली नाही, आणि निवावी अशी माझी इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आंजीच्या पलीकडल्या एका गावात मी उपकेंद्राची नर्स होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं बाजारात भेटली की वाकून नमस्कार करतात. माझं माहेर सेलू तालुक्यातलं. मी लहान असतानाच आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला, आणि बापानं मजुरी करून मला नर्सिंगपर्यंत शिकवलं. गावाच्या कडेला, आमच्याच लोकांच्या वस्तीला लागून, उपकेंद्राची एक खोली होती. तोच दवाखाना आणि तेच माझं घर.

गावच्या विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकणं हे माझं काम होतं. बादलीत पावडर कालवायची, वर निवळी आली की ती पाण्यात सोडायची. हा अधिकार मला सरकारनं दिला होता. त्याच विहिरीचं पाणी काढायचा अधिकार मात्र गावानं दिला नव्हता. तोंडानं कोणी काही म्हणत नसे. मी घागर घेऊन गेले की बाया जरा सरकून उभ्या राहत, आणि मी वळले की दोर धुऊन घेत. एकदा मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी वस्तीच्या विहिरीचंच पाणी भरत असे. म्हणजे त्यांचं पाणी शुद्ध करायचं मी, आणि माझ्या हातानं बाटायचा त्यांचा दोर!

हनुमान जयंतीला गावात मारुतीपुढे रोडग्यांची पंगत व्हायची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं जाडसर पीठ मळून, त्याला तेलाच्या घड्या घालून हे एवढाले गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सगळा स्वयंपाक पुरुष करणार. निखाऱ्यातून काढलेल्या रोडग्याला राख चिकटलेली असते. ती झटकायची, मग ओल्या फडक्यानं रोडगा पुसायचा आणि टोपल्यात गोणपाटाखाली झाकून ठेवायचा. हा पुसायचा मान गावात एकाच घराकडे होता. त्या घरच्या कर्त्या म्हाताऱ्याला सगळे काकाजी म्हणत. मीही काकाजीच म्हणत असे. काकाजी सकाळी बादली भरून घेत, खांद्यावरचा दुपट्टा त्यात बुचकळत आणि ऊन कलेपर्यंत एका जागी बसून रोडगे पुसत. देवाचं काम म्हणून एकदा भरलेल्या त्या बादलीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही आणि तिचं पाणीही बदलायचं नाही.

आमच्या वस्तीला पंगतीचं आवतन नसे. जेवणं आटोपली की उरलंसुरलं वस्तीच्या तोंडाशी आणून ठेवायची जुनी रीत होती. ती रीत आमच्या लोकांनी धम्म घेतल्यावर स्वतःच मोडली. उरलेलं घेणार नाही म्हणून सांगून टाकलं. गावाला ते फार झोंबलं होतं. त्या वर्षी याच एका निश्चयानं वस्ती वाचली, हे पुढे कळलं.

जयंतीच्या आधी, उन्हाळा म्हणून, मी दोन्ही विहिरींत पावडर टाकली. गावच्याही आणि वस्तीच्याही. त्याच हातानं, त्याच पोत्यातली. पंगती उठल्या, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच दारावर थाप पडली. माळ्याच्या घरच्या पोरांना ढाळ लागलेत, ओकाऱ्या होताहेत, अंग तापलंय. मी पिशवी घेऊन निघाले, तर दुसऱ्या घरून हाक, तिसऱ्या घरून हाक. घराघरांत बाया आणि पोरं आडवी. पुरुष मात्र अंगणात धडधाकट उभे. मला तेव्हाच ते खटकलं होतं, पण विचार करायला उसंत नव्हती. पाणी उकळून निववायचं, त्यात मीठ-साखर घालायची, घोट घोट पाजायचं, दुसऱ्या कोणाला तरी हे करायला शिकवायचं आणि पुढल्या घरी जायचं.

काकाजींच्या घरी त्यांची सून होती. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. तिचं नाव मीच नोंदवलं होतं, इंजेक्शनं मीच दिली होती, आणि सुनेचा माझ्यावर जीव होता. मी गेले तेव्हा ती ओसरीतल्या खाटेवर पडलेली. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. माझ्या हातात पाण्याचा गिलास होता. मी पायरी चढणार तोच सासू आडवी आली.

"नोको वं बाई. तुह्या हातचं पाणी नोको. त्या औषधीनंच त हे सारं होऊन राह्यलं."

मला आधी समजेचना. म्हटलं, "आई, कोणती औषधी?"

"इहिरीत टाकली ते. साऱ्या गावाले समजलं."

मी म्हटलं, माझ्या हातचं नको तर तुमच्या चुलीवर उकळा, तुमच्या हातानं पाजा, पण पाणी पाजा. जितकं जाईल तितकं भरून काढा. त्यावर ती म्हणाली, ढाळ लागलेल्याला पाणी दिलं की ढाळ वाढतात, आम्ही तिचं पाणी बंद केलंय. सून खाटेवरून गिलासाकडे पाहत होती. सासूकडे नाही, माझ्याकडे नाही, गिलासाकडे. काकाजी पलीकडे बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून होते. मी विनवण्या केल्या, भांडले, शेवटी तो गिलास तसाच परत घेऊन आले. दुपारी तिला झटके यायला लागले तेव्हा कुठे घरच्यांनी बैलबंडी जुंपली. मोठ्या दवाखान्यात ती वाचली. पोटातलं लेकरू वाचलं नाही.

त्या संध्याकाळी मला मारुतीच्या पारावर बोलावणं आलं. बोलावणं कसलं, फर्मानच. पारावर गावातले शहाणेसुरते बसलेले, आणि मी खाली उभी.

"बाई, तुमी काय टाकलं वो इहिरीत?"

"जे दर वेळेस टाकते तेच. पावडर."

"मंग याच वेळी असं काऊन झालं?"

"इहिरीचं पाणी तुम्ही सारेच प्यायले ना? मग तुम्ही कसे चांगले आहात? बाया-पोरंच कशी पडली?"

मला वाटलं, हे पटेल. तेवढ्यात एकजण उठला आणि म्हणाला, "ते राहू द्या. तुमच्या वस्तीतलं एक पोट्टं तरी बिमार पडलं का? सांगा ना! सारं गाव पडलं, आन् तुमचं कोणीच कसं नाई पडलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलेच, "आम्हाले आवतन देलं होतं का तुम्ही? जेवलोच नाही त बिमार कशानं पडू?"

पण तो मुद्दा सगळ्यांना पक्का वाटला. विचार करा! ज्यांना पंगतीला बसवलं नाही, ते पंगत न जेवल्यामुळे धड राहिले, आणि धड राहिले हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. मी विहिरीत विष कालवलं, असा अर्ज पंचायत समितीकडे गेला. बदली करा, नोकरीवरून काढा, चौकशी करा, असं सगळं त्यात होतं. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, थोडे दिवस पावडर टाकू नका. लोक तापलेले आहेत." मी म्हटलं, "सर, पावडर बंद केली म्हणजे माझा गुन्हा मीच कबूल केला की!" ते म्हणाले, सांभाळून घ्या. सांभाळून नेहमी आम्हीच घ्यायचं. नोकरी गेली असती तर म्हाताऱ्या आईला आणि शिकणाऱ्या दोन भावांना घेऊन मी कुठे गेले असते? आणि त्याहून मोठं म्हणजे, विष घालणारी बाई हे नाव घेऊन कोणत्या गावात गेले असते?

एकाच गावचे इतके रोगी आल्यामुळे जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतले एक डॉक्टर जीप घेऊन आले. बारीक, चष्मेवाले, कमी बोलणारे. त्यांनी रोग्यांचं शौच बाटल्यांत घेतलं, कोणाच्या शिंक्यावर उरलेले रोडगे घेतले, दोन्ही विहिरींचं पाणी घेतलं. मग मला विचारलं, कोण कधी जेवलं? मी सांगितलं, पहिल्या पंगती पुरुषांच्या, दुपारी. बाया-पोरं सगळ्यांत शेवटी, दिवस मावळायला आल्यावर. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, रोडगे पुसायचं पाणी कुठलं? ते मला ठाऊक नव्हतं. विहिरीचंच असणार, असं मी म्हटलं.

ते ठाऊक होतं सुनेला. मी तिला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं तीच बोलली.

"बाई, ते बादली मीच भरली होती. मामाजीनं सांगतलं, इहिरीच्या पाण्याले औषधीचा वास येते, देवाच्या कामाले चालत नाई. कोठ्यातल्या टाक्यातलं पाणी आण म्हणून सांगतलं. मी आणलं."

मामाजी म्हणजे सासरे, कोठा म्हणजे गोठा. टाकं म्हणजे ढोरं जिथे पाणी पितात ते. आणि त्या कोठ्यात काकाजींचं एक वासरू आठवडाभर हगवणीनं बेजार होतं, टाक्याशीच बांधलेलं. मी तिथल्या तिथे उठले आणि त्याच दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा गावात आली. टाक्यातलं पाणी घेतलं, वासराचं शेण घेतलं.

निकाल कळायला वेळ लागला. एक दिवस डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि जंतू वाढवायच्या काचेच्या चपट्या बश्या समोर मांडल्या. रोग्यांची बशी, रोडग्याची, टाक्याची, वासराची. प्रत्येकीत बारीक बारीक ठिपके, मध्ये काळे. चारही ठिकाणी एकच जंतू, साल्मोनेला. विहिरींच्या बश्यांमध्ये त्यातलं काही नव्हतं. मी त्या बश्यांकडे पाहून रडले नाही. मला राग आला. वाटलं, या बश्या पारावर नेऊन एकेकाच्या डोळ्यांपुढे धराव्यात.

मी विचारलं, हा जंतू इतका दुष्ट कसा? त्यांना प्रश्न आवडला असावा, कारण कमी बोलणारा तो माणूस बराच वेळ बोलला. म्हणाले, साल्मोनेलाच्या जाती पुष्कळ, सगळ्या सारख्या नाहीत. पोटातल्या आम्लातून जो तगून जातो तो आतड्यापर्यंत पोचतो. तिथे तो भिंत फोडत नाही. तो आतड्याच्या पेशीला जाऊन चिकटतो आणि तिला अशी काही खूण करतो की पेशीच स्वतःची कड उचलून त्याला आत घेते. पुढे अंगातल्या ज्या पेशींचं काम जंतूंना खाऊन टाकायचं, त्यांच्याच पोटात हा ठाण मांडून बसतो. मग रक्तातही जातो. गरोदर बाई, लहान पोर, म्हातारं माणूस यांना तर तो सोडतच नाही. हे सगळं त्याला कोणी शिकवत नाही, ते त्याच्या जनुकांत असतं. काही साल्मोनेलांमध्ये जनुकांचं एक जास्तीचं कडं सापडलंय, असं अलीकडे छापून येतंय. ते कडं काढून टाकलं की तोच जंतू उंदराला मारू शकत नाही. कोणतं जनुक नेमकं काय करतं, ते अजून पुरतं कोणालाच माहीत नाही.

"मग पहिल्या पंगतीतले कसे वाचले?" मी विचारलं.

"तेव्हा बादलीत जंतू थोडे होते. थोडे पोटात गेले तर बहुतेकांना निभतं. पुढे दिवसभर ऊन, पाण्यात पिठाचा चुरा, तेच फडकं. मग गरम रोडग्यांचा ढीग, वरून गोणपाट. शेवटच्या पंगतीपर्यंत किती वाढले असतील, विचार करा." जरा थांबून म्हणाले, "ताकद त्याच्या जनुकांतली, बाई. संधी आपण दिलेली."

परतताना एसटीत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. जंतूचं बरं आहे. तो काय करू शकतो ते पाहण्यासाठी कोणीतरी काचेच्या बश्या मांडतं, उंदरावर तपासतं, पुन्हा पुन्हा खात्री करतं, आणि मग त्याला दोषी म्हणतं. माझ्याबाबतीत कोणालाच काही तपासावंसं वाटलं नाही. माझा जन्म कुठला हे कळलं, तेवढं पुरलं. आणि औषधाचा वास नको म्हणून जी एक बादली माझ्या पावडरीपासून दूर ठेवली, नेमका तिच्यातच रोग होता.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर निकाल सांगितला. मी दाराशी उभी होते. टाकं, वासरू, बादली, दुपट्टा. काकाजी खाली पाहत होते. मग एक म्हातारा म्हणाला, "होते असं कधी कधी. देवाची मर्जी." दुसरा म्हणाला, "काकाजीनं का मुद्दाम केलं?"

मी दारातूनच विचारलं, "मग मी मुद्दाम केलं होतं का?"

कोणीतरी चहा सांगितला. माझ्यावर होतं तोवर ते विष होतं, गुन्हा होता, अर्ज होता. त्यांच्यावर आलं तेव्हा ती देवाची मर्जी झाली. अर्ज त्यांनी मागे घेतलाच नाही, नुसता विसरून गेले. माफी हा शब्द त्या खोलीत निघाला नाही. केंद्राचे डॉक्टर मला म्हणाले, संपलं ना आता, कशाला वाढवता? मी पावडर टाकत राहिले. त्या गावच्या विहिरीत एक वेळही चुकवली नाही. तो माझा हट्ट होता, आणि रागानं केलेलं काम किती नेमानं होतं हे मला तेव्हा कळलं.

पुढल्या वर्षी पुन्हा हनुमान जयंती आली. मी आधीच जाऊन सांगून आले होते, रोडगे पुसू नका, नुसती राख झटका. पुसायचेच असतील तर विहिरीचं पाणी घ्या, धुतलेलं फडकं घ्या, बायापोरांना आधी वाढा. "हाव हाव" म्हणाले. दुपार कलताना माझ्या दारात काकाजी आले. मागे पदर डोक्यावर घेतलेली सून, तिच्या हातात भाजीचं भांडं. काकाजींच्या हातात पितळी ताट आणि ताटात दोन रोडगे. गावानं ठरवलं होतं म्हणे, या वर्षी नर्सबाईला रोडगे पोचवायचे, आणि तेही मान असलेल्यानं स्वतः.

"घ्या बाई. देवाचा परसाद आहे. मागलं इसरून जा."

त्यांच्या खांद्यावर दुपट्टा होता. ओला, राखेनं काळवंडलेला.

"काकाजी, यानंच पुसले?"

"आता देवाचा मान आहे, बाई. बापजाद्यापासून चालून राह्यलं. असं कसं मोडता येईल?"

"आणि पाणी?"

त्यांनी ताट आणखी पुढे केलं. सुनेनं मान खाली घातली.

मी म्हटलं, "घेऊन जा. तुमच्या हातचं मी खाणार नाही."

काकाजींचा चेहरा असा काही झाला की आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्या हातचं नको, हे वाक्य त्यांना नवीन नव्हतं, त्यांच्या घरात रोज बोललं जात होतं. पण ते त्यांना कोणी म्हणू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. "बाई, लय माजल्या तुमी," एवढंच ते म्हणाले आणि वळले.

सून वळली नाही. भाजीचं भांडं तिनं माझ्या ओट्यावर ठेवलं आणि सासऱ्याच्या देखत, सगळ्या वस्तीच्या देखत म्हणाली, "बाई, पाणी द्या ना मले."

मी आत गेले आणि माठातून गिलास भरून आणला. तिच्या दारातून परत आणलेला तोच गिलास होता. तिनं तो तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. काकाजी रस्त्यावर थबकून पाहत होते. वस्तीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या, एक दोघींनी डोळे पुसले. नंतर सगळे मला म्हणत, केवढी हिंमत केली पोरीनं, तुम्हाला किती बरं वाटलं असेल.

मला बरं वाटलं नाही. रिकामा गिलास तिनं माझ्या हातात दिला तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की तिला तो पिता येत होता. मागल्या वर्षीही आला असता, आणि तिचं लेकरू एव्हाना चालायला लागलं असतं.